अप्पांकडून आलेलं

तिला सगळे भिंगरीच म्हणत. लहानपणी एका जागी बसत नाही म्हणून अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी ठेवलेलं नाव. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरही ते तिच्या मागोमाग आलं. काम तिला मानवणारं होतं. एका इमारतीत दार अडकलेलं, दुसरीत लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबतेय. बिघाड समोर आला की तिचं डोकं लखलखीत चालायचं. एरवी हातातला पाना कुठे ठेवला हेही आठवायचं नाही. सुपरवायझरच्या परीक्षेचा अभ्यास तिने दोनदा अर्ध्यावर सोडला होता. "डोकं आहे, पण त्याला थारा नाही," असं तिचे साहेब म्हणायचे आणि तिलाही ते पटायचं.

लेक चौथीत गेली आणि शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण गणित अर्धं टाकून खिडकीशी जाऊन उभी राहते. डबा, पेन्सिल, स्वेटर, काही म्हणून धड घरी जात नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा."

मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी घाई केली नाही. लेकीशी खेळल्या, शाळेकडून माहिती मागवली, पुन्हा बोलावलं आणि मग सांगितलं, "हा एडीएचडी आहे. लक्ष हवं तिथे टिकवणं आणि मनातली उसळी आवरणं तिला इतर मुलांपेक्षा जड जातं. यात हट्ट नाही, लाडही नाहीत. घरात आणखी कुणी असं आहे का?"

भिंगरीचा नवरा बस कंडक्टर, कमी बोलणारा. तो घसा खाकरून म्हणाला, "डॉक्टर, हिचा चहा रोज ओट्यावर गार होतो, आणि ही दुसरा ठेवायला घेते."

डॉक्टर हसल्या. "हे बरेचदा घराण्यात चालत येतं. एकच जनुक नसतं. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो, उंचीत असतो तसा. आईला असलं की मुलीत येईलच असं नाही, पण शक्यता वाढते. तुम्हीही मोठ्यांच्या डॉक्टरांकडे तपासून घ्या."

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "आमच्याकडे असलं कुणाला नव्हतं बाई."

"नव्हतं ना? मग माझ्याकडूनच आलंय, आई," भिंगरी म्हणाली. "म्हणजे तिला काय होतं ते कळणारं माणूस घरातच आहे. एकटी नाही पडणार ती."

ती तपासून आली. तिलाही तेच निघालं. बसस्टॉपवर बसून ती रडली, मग उठून थेट अप्पांकडे गेली.

अप्पा रेडिओ दुरुस्त करायचे. खोलीभर उघडे पडलेले रेडिओ, कुणाची बटणं गायब, कुणाच्या तारा लोंबकळताहेत. आयुष्यभर त्यांनी नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. 'धरसोड्या' हा शब्द बायकोपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. भिंगरीने किल्ली हरवली की ते तिला मारायचे, कारण त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच मारलं होतं.

तिने सगळं सांगितलं. अप्पांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"म्हणजे मी दिलं तुला हे?"

"नाक दिलंत, उंची दिलीत, हेही दिलंत. परत घेता का?"

त्यांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "मला आळशी म्हणायचे सगळे. आळशी माणूस इतका राबतो का गं? आणि मी तुला उगाच मारलं."

"हो, उगाच मारलंत," ती म्हणाली. तिला ते मवाळ करून सांगायचं नव्हतं. "माझ्या पोरीला कुणी मारणार नाही. तुम्हीही चला डॉक्टरांकडे."

"या वयात कशाला?"

"नातीला सांगायला."

अप्पा कुरकुरत का होईना, गेले. त्यांच्याही लहानपणापासूनच्या खुणा तिथे जुळल्या.

पुढचं सोपं नव्हतं. लेकीच्या पहिल्या औषधाने तिची भूक उडाली. डॉक्टरांनी ते बदललं. शाळेत तिच्यासाठी थोडी मोकळीक मागितली, तर मुख्याध्यापक म्हणाले, "एकीला सवलत दिली की सगळेच मागतील." भिंगरी कामाच्या कपड्यांतच पुन्हा गेली, डॉक्टरांचं पत्र घेऊन. "साहेब, ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी लिफ्ट लावतात. त्याला कुणी सवलत म्हणत नाही." तिसऱ्या खेपेला पुढचा बाक, पेपरला जादा वेळ आणि मधे पाय मोकळे करायची मुभा, एवढं पदरात पडलं. लेक पास झाली. पहिली वगैरे नाही, पण गणित पूर्ण सोडवलेलं होतं.

त्याच वर्षी भिंगरी सुपरवायझरच्या परीक्षेला बसली. एका वेळी एकच धडा, मधे जिन्यावरून एक फेरी, की पुन्हा पुस्तक. पहिल्यांदा नापास झाली. पुन्हा बसली आणि पास झाली. साहेबांनी हात मिळवला, तेव्हा ती म्हणाली, "थारा नव्हता म्हणालात ना? आता बघा."

सासूबाई अजून कधीकधी सुस्कारा टाकतात. स्वेटर अजूनही हरवतात.

नव्या वर्षी वर्गाला नव्या बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात भिंगरीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि लेकीला घेऊन त्यांना भेटायला गेली. या वेळी अप्पाही धुतलेला शर्ट घालून बरोबर होते. बाईंनी खुर्ची पुढे केली, पण ते उभेच राहिले. म्हणाले, "हिच्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. मी सगळ्यात जुना आहे."