फरशीवरच्या पट्ट्या

पहिली पट्टी मला स्वयंपाकघराच्या दाराशी दिसली. वायरमन वापरतो तसल्या लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे, एक आडवा, एक उभा. मी खाली बसून नखाने खरवडायला लागले, तर मागून खुर्चीतून आवाज आला, "राहू द्या ते." मॅडमनी पेपरवरून नजर काढली नव्हती. मी हात मागे घेतला, पण शंका तिथूनच सुरू झाली.

मॅडम अमेरिकेतल्या. तिकडच्या नटी, वय ऐंशीच्या पुढे. साहेब आपल्याकडचे, जन्म तिकडे काढून म्हातारपणी त्यांना डोंगर बघत बसायचं होतं, म्हणून टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला आत एक प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं. मला कामावर ठेवलं ते साहेबांनीच. ते गेल्यावर मुलगी अमेरिकेहून येऊन आईला घेऊन जाईल असं सगळे म्हणत होते. मॅडम गेल्या नाहीत.

मीही ह्या मुलखातली नाही. माझं गाव पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वडशाच्या पलीकडे, झाडीपट्टीत. आठवीतून शाळा सुटली. चुलतबहिणीबरोबर मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला आले, ते काम बंद पडलं, बहीण परत गेली. मला रिकाम्या हाताने परत जायची लाज वाटली. अशा वेळी ह्या घराने मला मागची एक खोली दिली, आणि तिला आतून कडी होती. आतून कडी लागणारी खोली मला जन्मात पहिल्यांदा मिळाली. हे ज्याला कळतं त्याला माझी भीतीही कळेल. मिळालेली गोष्ट कधी काढून घेतील ह्याचाच विचार मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना करत असायची.

साहेबांनी मॅडमना मराठी शिकवलं होतं, पण शिकवताना फक्त 'तुम्ही' शिकवलं. त्यामुळे त्या मलाही तुम्ही म्हणायच्या आणि दारातल्या कुत्र्यालाही "बसा" म्हणायच्या. स्वयंपाकाला गावातली मावशी यायची, तिला ह्याचं फार हसू येई. मला मात्र त्याआधी कोणी तुम्ही म्हटलेलं नव्हतं.

बेडरूमपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये त्यांचे फोटो होते, साहेबांनी वयाप्रमाणे लावलेले. सुरुवातीला साबणाच्या जाहिरातीतली दात पडलेली मुलगी. मग सिनेमातली कोणाची तरी बहीण, कोणाची तरी नर्स. मग नाटकं, वर्षानुवर्षं नाटकं. मग टीव्हीवरच्या मालिकेतली शेजारीण. त्या भूमिकेमुळे तिकडे रस्त्यात लोक त्यांना त्याच नावाने हाक मारायचे म्हणे. पुसायला फडकं घेऊन निघालं की बाथरूमच्या दाराशी येईपर्यंत त्या म्हाताऱ्या झालेल्या असत. एक नाटक तर त्यांनी आयुष्यात तीनदा केलं होतं: तरुणपणी त्यातली मुलगी, मधल्या वयात आई आणि शेवटी आजी. मी विचारलं, मग सगळ्यांची वाक्यं पाठ असतील. त्या म्हणाल्या, तीच तर पंचाईत होती. आजीचं काम करताना तोंडात मुलीची वाक्यं यायची.

नाटक मला परकं नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत गावोगाव नाटकं लागतात आणि माझा मामा विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंगला बसायचा. नट अडकला की मामा वाक्याचे पहिले दोन शब्द सोडायचा. तेवढे पुरायचे. त्यामुळे मॅडम नटी आहेत ह्याचं मला कौतुक होतं. पण एक दिवस त्या कौतुकात मिठाचा खडा पडला.

खिडकीशी उभ्या राहून त्या रडत होत्या. हुंदका नाही, काही नाही, नुसतं पाणी वाहत होतं गालांवरून. मी कुकर सोडून धावले. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, पदर नसल्यामुळे बाहीने डोळे टिपले आणि विचारलं, "बरं जमलं का? अजून येतंय मला." आणि हसल्या. मी पण हसले, पण आत कुठेतरी घाबरले. माणसाला हवं तेव्हा असं रडता येत असेल, तर त्याचं काय खरं धरायचं? 'तुम्ही आहात म्हणून बरं' असं त्या मला रोज झोपताना म्हणत. त्या दिवसापासून मी ते वाक्य उलटंपालटं करून बघायला लागले.

लाल पट्टीनंतर पिवळ्या आल्या, पॅसेजच्या तोंडाशी आणि बाथरूमच्या दारात. खिडकीजवळच्या खुर्चीच्या पायांशी निळ्या. औषधांच्या कपाटासमोर हिरवी. आणि मग एक दिवस पांढरी, थेट माझ्या खोलीच्या उंबऱ्यासमोर. त्या मी नसताना लावत, आणि विचारलं की म्हणत, राहू द्या.

 मग एका सकाळी भाकरी थापता थापता मावशीने मला तिच्या माहेरचं सांगितलं. माहेर शेणव्याकडचं, शहापूर तालुक्यातलं. तिथे एके साली बांधावरच्या दगडांवर लाल रंगाच्या खुणा आल्या. पोरं म्हणाली शाळेचं काहीतरी असेल. पुढच्या साली आंब्याची झाडं गेली आणि रस्ता आला. मुरबाडकडेही तेच, आधी खुंट्या, मग चुन्याची रेघ. ह्या दोन तालुक्यांत कोणाच्याही दारात रंगाचा ठिपका पडला की तो पुसायच्या आधी लोक सातबारा बघायला धावतात.

"हे घर इकतात गो," मावशी म्हणाली. "आदी खूण येते, मागून मानूस येतो. आनि तुज्या दाराम्होरची पांढरी. तुजी खोली आदी पाडतील, बघ."

मी म्हटलं, कायले पाडतील? ती म्हणाली, तू आधी 'कशाला' म्हणायला शीक, मग सांगते. नेहमीचं चिडवणं होतं, पण त्या दिवशी दोघींनाही हसू आलं नाही. मावशीचा मुलगा कसाऱ्याला कंत्राटावर, आज आहे उद्या नाही. ह्या घरावर तिचंही बरंच काही उभं होतं.

आणि खरोखर माणूस आला. मोटारसायकलवर, टेप घेऊन. मॅडमनी आम्हाला दोघींना बाहेर अंगणात लसूण सोलायला पाठवलं आणि त्याला बाथरूमकडे नेलं. आतून भिंतीवर ठकठक ऐकू येत होतं. मावशीने माझ्याकडे बघितलं. मी लसणीकडे बघितलं. जाताना त्याने आम्हाला नमस्कार केला तो सुद्धा आम्हाला वाईट वाटला. घेणाऱ्याचा माणूस आहे म्हणूनच एवढा गोड, असं मावशीचं मत पडलं.

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. मॅडम कानातले घालायच्या, लिपस्टिक लावायच्या आणि निळ्या पट्ट्यांवरच्या खुर्चीत बसायच्या. तिथे खिडकीचा उजेड बरोबर चेहऱ्यावर पडे. मग त्या जे बोलायच्या ते बघत राहावं. नातवंडांची नावं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन, मुलीच्या ऑफिसातल्या बाईची तक्रार, सगळं लक्षात. इंग्रजी मला फार समजत नाही, पण मध्येच मुलगी गप्प होऊन आईकडे बघत राही. मला वाटायचं, दोघींचं काहीतरी ठरलंय आणि मी खोलीत आहे म्हणून बोलत नाहीत.

कॉल संपला की मॅडम पांढऱ्याफटक पडायच्या आणि दुपारभर झोपायच्या. तेही मी नाटकातच धरलं.

पट्ट्या मावशीने काढल्या. मी टोकावड्याला औषधं आणायला गेले होते. दिवाळीची साफसफाई काढली होती, तेवढं निमित्त तिला पुरलं. उलथणं आणि रॉकेल घेऊन तिने सगळ्या पट्ट्या खरवडल्या. विचारलं तर सांगू, पोछा मारताना निघाल्या. घर विकायचं असेल तर निदान तोंडाने तरी सांगतील, असा तिचा हिशेब.

मी परत आले तेव्हा मॅडम हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. हातात रिकामा ग्लास. मावशी स्वयंपाकघराच्या दारात, हातात उलथणं तसंच. मॅडम फरशीकडे बघत होत्या, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, जणू कानातलं पडलंय.

मी म्हटलं, बसा ना मॅडम. त्यांनी वर बघितलं आणि पाहुण्यांना बघून हसतात तसं गोड हसल्या. "या," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोणाकडे आलात?"

मी थांबले. आता हसतील, मग हसतील. खिडकीशी हसल्या होत्या तसं. मी मनात म्हटलं, मी परत फसायची नाही. मावशीनेही तेच धरलं असावं, कारण ती जागची हलली नाही. मॅडमनी पुन्हा खाली बघितलं. मग त्यांच्या गाऊनच्या खाली फरशी ओली होत गेली आणि त्या तिच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्याच कोणाचं आहे. पॅसेज त्यांच्यापासून चार पावलांवर होता.

असं कोणी नाटकात करत नाही. मावशीने उलथणं ओट्यावर ठेवलं, पुढे झाली आणि त्यांच्या कमरेला हात घालून म्हणाली, "चल गो आजी, हिकडं हाय." बाथरूममध्ये नेलं तेव्हा आम्ही दोघींनी कमोडच्या बाजूला भिंतीत बसवलेला नवा दांडा बघितला. मोटारसायकलवाला त्याचंच माप घ्यायला आला होता. नंतर येऊन तो दांडा बसवून गेल्यापासून आम्ही रोज तो पुसत होतो आणि कशासाठी आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी मॅडम भानावर आल्या. मी विचारलंच. त्यांनी सांगितलं, कधी इंग्रजीत, कधी साहेबांच्या मराठीत. सिनेमात नटाने कुठे थांबायचं ते फरशीवर पट्टीने लावून ठेवतात. उजेड, कॅमेरा, सगळं त्या जागेसाठी बांधलेलं असतं. चालत यायचं, नेमकं तिथेच थांबायचं, आणि खाली बघायचं नाही. पायांनी ओळखायचं. साहेब होते तेव्हा विसरण्याचा आजार सुरू झालेलाच होता, पण ते बाजूला असत. ते गेल्यावर घर निसटायला लागलं. मग त्यांनी ठरवलं, एवढी वर्षं जे केलं तेच करायचं. लाल म्हणजे गॅस, थांबा. पिवळ्याच्या मागे गेलं की बाथरूम. निळ्यावर बसून मुलीशी बोलायचं, आणि त्या बोलण्याची तालीम त्या आठवडाभर करत. रडण्याची पण तालीमच होती. जमतंय का अजून, एवढंच बघत होत्या.

मी म्हटलं, मग मुलीला सांगा ना.

"सांगितलं तर ती मला घेऊन जाईल," त्या म्हणाल्या. "तिथे सगळे मला ओळखतात. मला सगळ्यांना ओळखावं लागेल. इथे तसं नाही."

पांढरी पट्टी कशाची, ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. धीर झाला नाही.

मावशीने दुसऱ्या दिवशी मुलाकडून चिकटपट्टीची रिळं मागवली. जुन्या पट्ट्यांच्या डिंकाचे डाग फरशीवर राहिले होते, त्यांवरच आम्ही नव्या लावल्या. मावशी म्हणाली, आपली खूण आपणच काढायची आणि आपणच मांडायची, सरकारी कामापरीस बरं.

त्या रविवारी मी फोनच्या मागे, खाली बसले, मामासारखी. मॅडम अडकल्या की मी ओठांनी शब्द सोडायची. धाकट्या नातवाचं नाव सोडलं, कुत्र्याचं ऑपरेशन सोडलं. छान चाललं होतं. मला तर वाटलं, असंच वर्षानुवर्षं चालेल, आणि माझी कडीची खोलीही.

मग मुलगी थांबली. तिने आईला काहीतरी सांगून मला समोर बोलावलं. बापाचं मराठी तिला येत होतं. "आई एवढी छान का बोलते?" तिने विचारलं. "मी तिला लहानपणापासून बघते. घरी ती कधीच एवढी छान बोलली नाही. ती फक्त काम करताना अशी बोलते. खरं सांगा, काय चाललंय?"

म्हणजे इतके रविवार ती गप्प होऊन बघायची ते ह्यासाठी. घरात संशय मी एकटीच घेत नव्हते.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मला काही खुणावलं नाही. डोळे खिडकीबाहेर. मी सगळं सांगितलं तर त्या अमेरिकेला आणि मी वडशाला. नाही सांगितलं असतं, आणि त्या गॅसपाशी लाल पट्टी विसरल्या असत्या तर? मला तुम्ही म्हणणाऱ्या बाईला मी फक्त माझ्या खोलीसाठी सांभाळलं असतं. मी सांगितलं. पट्ट्या, फरशी, दांडा, रविवारची तालीम.  शेवटी म्हटलं, ताई, त्या विसरतात, पण ह्या घरात त्यांच्या पायांना रस्ता माहीत आहे. दुसऱ्या घरात नसेल.

  कॉल कोणी तोडला ते मला आठवत नाही. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते नाटक नव्हतं.

मुलगी हिवाळ्यात आली, एकटी. मी माझी पिशवी भरून ठेवली होती. आल्या आल्या तिने बूट दाराबाहेर काढले. अनवाणी, पट्टीवरून पट्टीवर, पॅसेजमधून फोटोंसमोरून चालून बघत होती, खाली न बघता. एका ठिकाणी पिवळ्या पट्टीचं टोक उचललेलं होतं, ते तिने बसून अंगठ्याने दाबलं. मुरबाडच्या डॉक्टरांशी बोलली, रात्रीला आणखी एक बाई ठेवली, गॅसला कुलूप केलं. जाताना म्हणाली, जोपर्यंत पाय ओळखतात तोपर्यंत आई इथेच. त्यानंतरचं त्यानंतर. एवढंच वचन आहे आणि मी त्यावर राहते. पिशवी मात्र मी अजून पूर्ण रिकामी केलेली नाही.

मावशी आता पोछा पट्ट्यांच्या भोवतीने मारते. मॅडमना आता फोटोंतली बाई ओळखू येत नाही. मुलीचा कॉल आला की तिच्याशी कमी आणि वाईट बोलतात, आणि मुलीला ते आवडतं.

परवा दुपारी मी खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. दारात मॅडम येऊन उभ्या राहिल्या, बरोबर पांढऱ्या पट्टीवर, दोन्ही पाय जुळवून. माझ्याकडे बघत होत्या, पण मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं, हे मला आता लगेच कळतं. एवढंच माहीत होतं की अडलं की इथे येऊन थांबायचं.

"माझं वाक्य काय आहे?" त्यांनी हळू विचारलं.

त्या वेळेला त्या रोज काय मागतात ते मला ठाऊक होतं. मी पहिले दोन शब्द सोडले. "जरा चहा..."

"जरा चहा द्याल का," मॅडम म्हणाल्या, अगदी स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.