प्रकाशक : समस्त ग्रामस्थ

पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: मुद्रक कोण, प्रकाशक कोण, प्रती किती. ती कोणी वाचत नाही. मी मात्र कुठलंही पत्रक हातात आलं की आधी तीच वाचते, मग ते चौकात वाटलेलं असो की भेळ बांधून आलेलं. धुळ्यात आमची छोटी प्रेस आहे. निवडणुकीच्या दिवसांत त्या ओळीशिवाय कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे मी सासऱ्यांकडून शिकले. कायदाच तसा आहे. ज्याचं पत्रक असेल त्यानं अर्जावर सही करायची, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी खाली सह्या करायच्या, आणि तो अर्ज छापील प्रतीसोबत आम्ही कलेक्टर कचेरीत पोचवायचा.

झेडपीच्या निवडणुकीत एका दुपारी एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, दोन मोबाइल आणि दोन्हींवर एकाच वेळी बोलायची हौस. एका पतसंस्थेचं छपाईचं काम त्यांच्यामुळे आमच्याकडे येई, म्हणून चहा मागवणं भाग होतं. त्यांनी हातानं लिहिलेला मजकूर पुढे सरकवला. नरडाण्याच्या पुढच्या एका गावातून एक बाई उभी होती, तिच्याविरुद्धचं पत्रक होतं.

ते गाव माझं माहेर आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती बाई शाळेत माझ्या दोन वर्षं मागे होती. नवऱ्याचं घर सोडून आली, शिवणयंत्रावर पोट भरलं, बायकांचा बचत गट उभा केला. माझा थोरला भाऊ तिच्या उमेदवारी अर्जावर सूचक होता. मजकुरात गटाबद्दल दोन ओळी होत्या आणि तिनं नवऱ्याचं घर का सोडलं याबद्दल दहा.

खोटं कशाला बोलू? मी ते सगळं वाचलं आणि तरीही कंपोज केलं. छापणाऱ्याचं काम छापायचं, असं स्वतःला बजावत बोटं चालवली. दुरुस्तीसाठी प्रूफ त्यांच्या मोबाइलवर पाठवलं आणि अर्ज पुढे करून विचारलं, "प्रकाशक कोण टाकू?"

"टाका ना, समस्त ग्रामस्थ."

तिथे माझं डोकं फिरलं. एका बाईची अब्रू काढणारा मजकूर मी निमूट टाइप केला होता आणि गावाचं नाव घेतल्यावर मला राग आला. याची लाज मला आजही वाटते. पण राग आला, तो आलाच.

"मग समस्त ग्रामस्थांना सहीला घेऊन या," मी म्हटलं.

ते हसले. "ताई, समस्त म्हणजे समस्त. त्यात सही कोण करणार?"

"मी त्याच गावची लेक आहे. मला कोणी विचारलं नाही. माझ्या भावाला तर नाहीच विचारलं. समस्तातून दोघं इथेच वजा झाले. बाकीच्यांना विचारायला जायचं का गावात?"

"हल्ली सगळं मोबाइलवर चालतं. तळाची ओळ वाचतो कोण?"

"मोबाइलवरच्या जाहिरातीखालीसुद्धा पैसे कोणाचे ते लिहावं लागतं. तिथेही समस्त ग्रामस्थच लिहिता वाटतं?"

ते उठले. पतसंस्थेच्या कामाचं बघावं लागेल म्हणाले. मी म्हटलं, "बघा." चहा तसाच राहिला, तो मीच प्यायले.

दोन दिवस मी मोठ्या तोऱ्यात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी माहेरच्या गावात प्रत्येक दाराच्या फटीतून ते पत्रक आत सरकलेलं सापडलं. माझं प्रूफ त्यांनी दुसरीकडे कुठेतरी छापून घेतलं होतं. कोणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत तळाची ओळ कोरी होती. पण चारी बाजूंनी कपाशीच्या बोंडांची वेल होती. ती सासऱ्यांनी हातानं काढलेली, आमच्या प्रेसच्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर असते. कंपोज करताना पानाच्या तयार चौकटीतून ती पुसायची मी विसरले होते.

भावाचा फोन आला, आमच्या घरच्या अहिराणीत. "हाई वेल तुनी प्रेसनी शे. बठ्ठा गाव वळखस. आते घर येऊ नको." मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. नंतर कितीदा लावला, त्यानं उचलला नाही. आईवडील गेल्यानंतर माहेर म्हणायला मला तेवढंच एक दार उरलं होतं.

नवऱ्यानं समजूत घातली. "आपलं नाव कुठेय त्यावर? सुटलो आपण." मला उलट वाटत होतं. नाव नाही म्हणून तर अडकलो होतो. ज्यानं लिहिलं तो नामानिराळा राहिला आणि त्याचं पाप आमच्या वेलीनं अंगावर घेतलं. चार दिवसांत सगळे विसरतील, असं जो तो सांगू लागला. विसरू देणार नाही, असं मी ठरवलं.

आधी कलेक्टर कचेरीत गेले. मजकूर घेऊन कोण आलं होतं, त्यांचं नाव घालून लेखी तक्रार दिली आणि कंपोज मी केलं हेही लिहिलं. तिथल्या कारकुनानं कागद दोनदा वाचला. "ताई, ही तक्रार तुमच्याचविरुद्ध आहे की काय?" मी म्हटलं, "थोडी माझ्याविरुद्धही आहे. शिक्का मारा."

मग मी माझं स्वतःचं पत्रक कंपोज केलं. "ते पत्रक मी छापलेलं नाही, पण त्याची अक्षरं मी जुळवली, याबद्दल मी त्या बाईंची माफी मागते. ते गावानं काढलेलं नाही. कोणी आणलं, ते मी कचेरीत लिहून दिलं आहे." तळाची ओळ मथळ्यापेक्षा मोठी ठेवली: मुद्रक मी, प्रकाशक मी, प्रती इतक्या, खर्च माझा. वेलही ठेवली, मुद्दाम.

साक्षीदार म्हणून शेजारचा झेरॉक्सवाला चालला असता. मला सह्या त्या गावातल्याच हव्या होत्या. एसटीनं गेले.

भाऊ ओट्यावर बसला होता. वहिनीनं पाणी आणलं, त्यानं वर पाहिलं नाही. मी पत्रक आणि अर्ज त्याच्या समोर ठेवले. मग त्यानं पत्रक उचललं.

"अक्षरं तू जुळाडात, हाई कशाले लिखं? कोनले माहीत व्हतं?"

"माले माहीत व्हतं ना, भाऊ."

त्यानं अर्ज घेतला आणि साक्षीदाराची ओळ शाळेतल्यासारखी मोठ्यानं वाचली, "वरील प्रकाशकास मी व्यक्तिशः ओळखतो." खिशातलं पेन काढून सही केली. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही. दुसरी सही करायला वहिनी पदराला हात पुसत पुढे आली, पण त्यानं अर्ज तिच्याकडे दिला नाही. पायात चपला घातल्या.

"चाल," तो मला म्हणाला. "जिनं नाव खराब व्हयनं, तिले इचार."

कुठे जायचं ते मला कळलं. इतका वेळ मी सगळ्यांशी तोंड वर करून भांडले होते. तिच्या दारात मात्र मान वर होईना.

ती शिवणयंत्रावर होती. तिनं यंत्र थांबवलं आणि माझं पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तळाच्या ओळीसकट. मला बस म्हणाली नाही. मग अर्ज घेतला आणि भावाच्या सहीखालच्या दुसऱ्या साक्षीदाराच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आठे 'ओळखतो' लिखेल शे," ती म्हणाली. "पहिले 'ओळखते' कर."

मी तिच्यासमोर पेननं 'तो'चा काना खोडला. तिनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि पूर्ण नावानं सही केली.