आत्याबाई आणि वेशीबाहेरची बाग

लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा मला तिथं अजिबात करमत नव्हतं. माझं माहेर भातकुलीकडच्या एका खेड्यात. आम्ही जातीचे माळी. सकाळी उठलं की डोळ्यांसमोर वांग्या-मिरच्यांचे वाफे दिसायची सवय. अमरावतीचं घर परकोटाच्या आत, वेशीजवळच्या पेठेत होतं आणि दार उघडलं की समोर बैलांची शेपटं. ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी गोऱ्यांची आपसात लढाई लागली होती आणि त्यापायी विलायतेला आपला वऱ्हाडचा कापूस हवा झाला होता, एवढंच आम्हा बायकांना माहीत. सुगीत वेशीपासून आमच्या दारापर्यंत कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, उभ्या असायच्या. कडुलिंबाच्या काड्यांना रुई, नालीत रुई, पदर झटकला तर पदरातून रुई. एकदा तर भाकरीच्या पिठात निघाली.

घरात आम्ही तिघं. घरधनी एका अडतीच्या दुकानात मापारी होते. दिवसभर काट्यावर कापूस तोलायचा. त्यांची आई ते रांगत असतानाच गेली होती, वडील आमच्या लग्नाआधी. त्यांना वाढवलं आत्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या बहिणीनं. आत्याबाई तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे परत आल्या होत्या, आणि त्या पोराच्या मागं लागून त्यांचं सारं वय गेलं. उंच, सडपातळ बाई. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलल्या तरी मला चुलीपाशी ऐकू यायचं.

एका दुपारी त्यांनी मला डोळे पुसताना पाहिलं.

"काहून रडून राहिली वं? कोनी बोललं का तुले?"

"नाई. मले गमत नाई इथं."

"घरात बसून कोनाले गमते? ऊठ. तोंड धू अन् चाल माह्यासंगं."

त्या दिवसापासून आमची रोजची चक्कर सुरू झाली. उन्हं कलली की दाराला कडी घालून आम्ही निघायचो. पहिलं दुकान भडभुंज्याचं. भट्टीतली वाळू तापलेली असायची, त्यात हरभरे पडले की तडतड आवाज व्हायचा. भडभुंज्याची बायको गरम फुटाण्यांची मूठ माझ्या पदरात टाकायची. तिथून फुटाणे चघळत बोहऱ्याच्या दुकानी. कापसामुळं शेतकऱ्यांच्या हाती पैसा खेळत होता, म्हणून बोहऱ्यानं मुंबईहून काय काय आणलं होतं. काचेचे दिवे, कात्र्या, छत्र्या, आणि भिंतीला टांगलेला एक भला मोठा आरसा. आत्याबाई त्या आरशासमोर उभ्या राहून डोक्यावरचा पदर नीट करायच्या.

"काही पाहिजे का, बाई?" बोहरी अदबीनं विचारायचा.

"पाहिजे नाई. पाहून राहिलो."

तो हसायचा. पुढं पुढं तर आम्ही दिसलो की तो स्वतःच आरशावरची धूळ पुसून ठेवायचा. मग कापडाची दुकानं, अत्तरवाला, हलवाई. हलवायाच्या कढईत जिलबी पडताना पाहायला मला फार आवडायचं; हात इतका भरभर फिरायचा की वेढे मोजता यायचे नाहीत. कुठं पेहलवानांच्या आखाड्यातून शड्डूचा आवाज यायचा, कुठं मदारी बसलेला असायचा. मंगळवारी अंबादेवीला जायचो. महिन्याभरात मला सारी पेठ ओळखू लागली, आणि मी तिला.

चक्कर संपायची ती वेशीबाहेरच्या बागेत. ही बाग एका सेठची. कापसात कमाई झाली तशी त्यानं ती हौसेनं लावली होती, पण स्वतः फारसा यायचा नाही. मोठी विहीर, तिच्यावर मोट, एक दगडी हौद, मोगरा, शेवंती, पेरू, डाळिंबं, आणि कडेला जुनं आंब्याचं झाड. पेठेतल्या बायका संध्याकाळी पोरं घेऊन तिथं येऊन बसायच्या. श्रावणात आंब्याला झोके बांधायचो. बागेचा माळी कोणाला अडवायचा नाही. फूल तोडू नका, एवढंच म्हणायचा.

तो माळी आमच्याच जातीचा, विधुर, पन्नाशीच्या आतबाहेरचा. मिशा मोठ्या, बोलणं थोडं. जे काही बोलायचा ते मोटेच्या बैलांशी. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आत्याबाई मोगऱ्याच्या ताटव्यापाशी थबकल्या.

"हा मोगरा कोनं छाटला? बकरीनं का?"

"बकरीनं नाई. म्या छाटला," माळी म्हणाला.

"मंग बकरी बरी होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता हा आम्हाला बाहेर काढतो. पण त्यानं खांद्यावरचा विळा काढून आत्याबाईंपुढं धरला. "तुमी दाखवा." आत्याबाईंनी पदर खोचला आणि दिवेलागणीपर्यंत दोघं मोगऱ्यावरून भांडत बसले. तो म्हणे इतकं छाटलं तर झाड मरते, त्या म्हणत ताटवा काय जंगल आहे? बाकीच्या बायका हौदावर बसून हसत होत्या. मीही हसले. अमरावतीला आल्यापासून मी इतकी कधी हसले नव्हते.

पुढं हे रोजचंच झालं. आज डाळिंबाला पाणी जास्त, उद्या शेवंतीला ऊन कमी. हळूहळू आमची बाजारातली फेरी आखूड होत गेली आणि बागेतलं बसणं लांबत गेलं. आत्याबाई फिरायला निघताना धुतलेलं लुगडं नेसू लागल्या. माळी त्यांच्यासाठी गवताखाली पेरू पिकवून ठेवायचा. चांगला लागला तर काही बोलायचा नाही, पण किडका निघाला तर स्वतःवरच चिडायचा. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडत होतं, तरी मला काही कळलं नाही. कळलं ते भडभुंज्याच्या बायकोकडून.

"तुह्या आत्याबाईचा मोहतूर कवा हाये वं?" तिनं हसत विचारलं.

विधवेचं दुसरं लग्न आमच्यात पूर्वीपासून चालतं. त्यालाच वऱ्हाडात मोहतूर म्हणतात. चालत असलं तरी ते आमच्या घरात होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी घरी येऊन आत्याबाईंकडे नव्यानं पाहिलं. त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या आणि स्वतःशीच गुणगुणत होत्या.

चार-आठ दिवसांनी माळ्यानं माझ्यादेखतच विचारलं. त्याला आडोसा करायचं सुचलं नसावं. मोट थांबवली, हात धोतराला पुसले, आणि म्हणाला, "बाई, तुमी रोज येता अन् माह्या चुका काढता. इथंच राहून काढा ना."

आत्याबाईंनी मोगऱ्याची एक वाळकी काडी मोडली. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी तेव्हा प्रथम ऐकला. त्या म्हणाल्या, "पोराले इचाराव लागन."

पोरानं, म्हणजे माझ्या घरधन्यानं, चटकन नाही म्हटलं. जेवता जेवता ताट सरकवलं.

"आता आपन काय खेड्यात हाओत का? सेठलोकांत माह्यं उठनं-बसनं असते. या वयात आत्याचा मोहतूर लावला म्हनून हसतीन सारे. अन् तुले काय कमी केलं म्या?"

"कमी काईच नाई केलं रे," आत्याबाई म्हणाल्या. बाकी वाद घातला नाही. ज्या बाईनं मोगऱ्याच्या फांदीवरून संध्याकाळभर भांडण केलं होतं, ती स्वतःसाठी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी पदर घेऊन तयार झाले तर म्हणाल्या, "तू जा. माह्ये पाय दुखून राह्यले."

पाय दुखत नव्हते हे मला कळत होतं. मी एकटीच निघाले, आणि तेव्हा मला समजलं की पेठ मला ओळखत होती ती आत्याबाईंच्या नावानं. भडभुंज्याच्या बायकोनं विचारलं, "बाई कुठं गेली?" फुटाण्यांची पुडी दिली त्यांच्यासाठी. बोहऱ्यानं विचारलं. हलवायानं पानात जिलबी बांधून दिली आणि म्हणाला, "उनको बोलो, चक्कर मारो, नहीं तो बाजार सूना लगता है." बागेत मी गेले नाही. वेशीपर्यंत जाऊन परत आले. हे रोज होऊ लागलं. आमच्या कोनाड्यात पुड्या साठत गेल्या आणि आत्याबाई एकीलाही हात लावीनात.

एका संध्याकाळी घरधनी कामावरून आले. भूक लागली होती, त्यांनी कोनाड्यातली पुडी उघडली. फुटाणे नरम पडले होते.

"हे कोनं आनलं?"

तोवर मी त्यांच्यासमोर मान वर करून बोलले नव्हते. पण त्या दिवशी बोलले. "आत्याबाईसाठी साऱ्या बाजारानं धाडलं. सारे इचारतात, बाई कुठं गेली. त्या बिमार नाईत. तुमी नाई म्हटलं म्हनून घरात बसल्या. तुमाले हसनारा सेठ कोन, ते मले ठाऊक नाई. पन या पेठेत त्यायले हसनारं कोनी नाई."

मला वाटलं आता रागावतील. ते उंबऱ्यावर बसले. बराच वेळ हातातला एक फुटाणा सोलत राहिले. मग हळूच म्हणाले, "ते सेठलोकायचं म्या असंच म्हटलं. ती गेली तं मले रागवन कोन?"

मोठा माणूस, मिशा फुटलेला, आणि लहान पोरासारखा बोलला. मला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर न जाता बागेत गेले. काय झालं ते त्यांनीच नंतर सांगितलं. माळी मोट हाकत होता. यांना पाहून त्यानं रामराम केला आणि विचारलं, "मोट हाकता येते का?"

"माळ्याचा पोरगा हाओ मी."

"मंग या."

त्यानं कासरा यांच्या हातात दिला आणि स्वतः दांडातलं पाणी वळवायला गेला. आत्याबाईंचं नाव दोघांनीही काढलं नाही. ऊन चांगलं वर येईपर्यंत यांनी मोट हाकली. काट्यावर बसून मऊ झालेले तळहात सोलून निघाले. घरी आले ते चिखलानं माखलेले.

"मानूस बरा हाये," आत्याबाईंसमोर बसत ते म्हणाले. "कमी बोलते. दोघं लय बोलनारे असते तं जमलं नसतं."

आत्याबाईंनी त्यांचे तळहात पाहिले, उठून हळद-तेल आणलं आणि लावायला बसल्या. "अकल हाये का तुले? कापड बांधून धराव कासरा," त्या रागावल्या. मग एकदम पदरानं तोंड झाकून रडू लागल्या. तेही रडले. मी पाणी आणायच्या निमित्तानं मागं गेले.

मोहतूर सूर्य मावळल्यावर गाजावाजा न करता लागला, रीतच तशी. वाजंत्री नाही, वरात नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कासारीण आपण होऊन बागेत आली आणि तिनं आत्याबाईंचे हात हातात घेतले. इतक्या वर्षांनी बांगड्या भरायच्या तर हात कडक झालेले. कासारीण दाबत होती, आत्याबाई ओरडत होत्या, आणि माळी हौदापाशी पाठ करून उभा होता, कारण त्याला ते बघवत नव्हतं. हिरव्या बांगड्या भरून झाल्यावर आत्याबाईंनी हात हलवून त्या वाजवून पाहिल्या. पेठेतल्या बायका टोपल्या भरभरून काहीबाही घेऊन आल्या होत्या. बोहऱ्यानं एक छत्री पाठवली. आम्ही दिवसभर आंब्याखाली बसून जेवलो, गप्पा मारल्या, पोरं हौदात डुंबली.

काही वर्षांनी ती दूरची लढाई संपली आणि कापसाचा भाव पडला. सेठनं बाग विकली. घेणाऱ्यानं आंबा तोडून तिथं गठ्ठे ठेवायची जागा केली. घरधन्यांचं अडतीचं दुकानही बंद झालं. त्या दिवसांत आमच्या घरी काळजी होती, नाही असं नाही. पण आत्याबाई आणि माळ्यानं बडनेऱ्याच्या वाटेवर नाल्याकाठी जमिनीचा तुकडा खंडानं कसायला घेतला होता. घरधनी तिथं राबायला लागले आणि मला भाजी घेऊन बाजारात बसवायचं ठरलं.

पहिल्या दिवशी मी मेथीच्या जुड्या मांडून बसले खरी, पण तोंडातून आवाज फुटेना. शेजारची माळीण ओरडून ओरडून विकत होती आणि गिऱ्हाइकं तिच्याकडे वळत होती. मग भडभुंज्याची बायको आली. नुसती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "काय हाये वं तुह्यापाशी? मले ऐकू येत नाई." मी सांगितलं. "अजून नाई आलं." मी जोरात सांगितलं. तिसऱ्यांदा तर असं ओरडले की पलीकडचा बोहरी गादीवरून उठून पाहू लागला. संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी झाली. दोघी-तिघी तर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आहे का तेही विचारून गेल्या. घरधनी न्यायला आले. मी टोपली डोक्यावर घेतली, त्यांनी गोणपाट झटकून खांद्यावर टाकलं, आणि वाटेत विचारलं, "उद्या मेथी किती आनू?"

"लय आना," मी म्हटलं. "अन् संगं थोडा सांबारही आना. लोक मांगतात."