नऊ नंबरच्या खोलीतले साठ डबे

१२ नोव्हेंबर २०१४. मंजूर रक्कम छप्पन्न हजार चारशे येन; जेवणाचे डबे साठ, दर नऊशे चाळीस. क्योतोच्या परिषद-भवनात एकतीस वर्षं खोल्या वाटणाऱ्या कुरेमात्सु इसाओनं हा कागद तीनदा तपासून सही केली.

भवनात गुन्हे आणि न्याय या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद चालू होती. मंत्री मोठ्या सभागृहात बोलत. बाकीच्यांना जेवणाच्या सुट्टीत लहान खोल्यांत परिषदेला जोडून आपापल्या सभा घ्याव्या लागत. त्यांची व्यवस्था कुरेमात्सुकडे. कुणाला पडदा हवा असे, कुणाला आधीच्या सभेतल्या कांद्याचा वास घालवून हवा असे.

नऊ नंबरची खोली मात्र त्यानं जीव लावून मांडली होती. तिथे सुगितानीबाई बोलणार होत्या. वय पंचाहत्तर, लोणच्यांचं दुकान, आणि तुरुंगातून सुटलेल्यांना सव्वीस वर्षं बिनपगारी सांभाळायचं काम. महिन्यातून दोनदा ती माणसं त्यांच्या घरी येत. मार्चमध्ये वयोमर्यादेमुळे हे काम सुटणार होतं आणि त्यांच्या जागी यायला गल्लीत कुणी तयार नव्हतं. बाहेरच्या जगानं ऐकलं तर गल्लीही ऐकेल, असा त्यांचा हिशेब. एकही खुर्ची रिकामी राहणार नाही, असा शब्द कुरेमात्सुनं देऊन टाकला होता.

त्याला खात्री होती, कारण साठ जणांनी येतो म्हणून लेखी कळवलं होतं. त्याच्या ओळखीत येतो म्हणणारा माणूस ताप असला तरी येई. म्हणून त्यानं प्रत्येक डब्यावर स्वतःच्या अक्षरात एकेकाचं नाव लिहिलं. दुभाष्याचं काम करणारी कुझुहारा म्हणाली, डबे दारातच ठेवू, शेजारच्या खोल्या तेच करतात. वडीलधारं माणूस बोलत असताना चघळत बसायचं, हे कुरेमात्सुला पटेना. डबे पडद्यामागे गेले.

एक वाजता खोलीत पाच माणसं होती. त्यातला एक झोपला होता. लोक दारातून डोकावत, रिकामी टेबलं बघत आणि शेजारच्या खोल्यांतल्या सँडविचच्या दिशेनं पुढे सरकत. नव्या किमोनोत ताठ बसलेल्या सुगितानीबाईंनी त्याला जवळ बोलावलं.

"कुरेमात्सु-सान, खुर्च्यांनाच सांगू का? त्या निदान उठून जाणार नाहीत."

शरमून त्यानं पडद्यामागची डब्यांची ढकलगाडी दारात आणली. पहिल्याच पाहुण्याचं नाव यादीत नव्हतं. कुरेमात्सुनं वाकून माफी मागितली, पट्टी धरून सरळ रेघेनं जुनं नाव खोडलं, नवं लिहिलं, मग डबा दोन्ही हातांनी दिला. एकेकाला मिनिट लागू लागलं. रांग जिन्यापर्यंत गेली, आणि एवढी रांग आहे म्हणजे आत कुणी मोठा माणूस असणार म्हणून मागे आणखी लोक लागले.

"साहेब, नावं राहू द्या," कुझुहारा म्हणाली.

"दुसऱ्याच्या नावाचा डबा कसा द्यायचा?"

"मग पट्टी तरी खाली ठेवा."

कॉरिडॉर तुंबल्यामुळे डबा मिळालेल्याला आत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खोली भरली. कृपया भाषणानंतर जेवावं, असं कुरेमात्सु सांगू लागला, तेवढ्यात बाईंनी माइक काढून घेतला.

"जेवा हो. माझ्याकडे येतात तेसुद्धा आधी जेवतात. एक चोर सात महिने मुळ्याचं लोणचं खाऊन गेला, तोंडातून शब्द नाही. आठव्या महिन्यात म्हणाला, मीठ जास्त असतं. तेव्हा वाटलं, आता हा सुधारला."

कुझुहारानं भाषांतर केल्यावर हशा उठला. पुढची चाळीस मिनिटं कुणी उठलं नाही. तिघे डब्याविना भिंतीला टेकून ऐकत राहिले. कुझुहारानं त्यांना खालच्या दुकानातून पाव आणून दिले.

खोली रिकामी झाल्यावर कुरेमात्सु घुटमळला. मार्चमध्ये तोही निवृत्त होतोय, बाईंच्या कामाचा अर्ज कुठे मिळतो, असं त्यानं विचारलं.

"बायकोला विचारलंत?" बाई म्हणाल्या.

"नाही."

"आधी तिला विचारा. चोराला चहा तीच देणार आहे."

बायको चार दिवस नको म्हणाली, पाचव्या दिवशी एक जादा कप विकत घेऊन आली. अर्ज मंजूर झाला. मंजुरीच्या कागदावर नसलेले त्या तीन पावांचे चारशे वीस येन कुरेमात्सुनं कुझुहाराला अजून दिलेले नाहीत.