सोनूआबांचं गाऱ्हाणं आणि माझी विडी

सोनूआबांना खाजगी काही सांगू नये, हे आमच्या सगळ्या वाडीला ठाऊक होतं, मला सोडून. आबा देवळात गाऱ्हाणं घालत. कुणाची म्हैस आटली, कुणाचा जावई रुसला, सगळं खड्या आवाजात देवाला सांगत, आणि जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देई.

साठ सालाच्या आसपास माझं मन बिघडलं होतं. मालवणात आगबोटीच्या धक्क्याजवळ माझं विडीकाडीचं दुकान. गिऱ्हाइकांपेक्षा मीच जास्त ओढायचो. मन शांत व्हावं म्हणून ओढायचो आणि ओढली की छाती अधिकच धडधडायची. तरी पुन्हा ओढायचो. असा मी शहाणा! शेवटी विडी सोडायचं ठरवलं आणि ते हळूच आबांच्या कानात सांगितलं.

पुढच्याच सोमवारी आबा देवासमोर उभे राहिले. “बा देवा म्हाराजा! ह्यो आमचो दिगू दुकानदार. हेका नीज नाय, उगीच रडता, बायलेर वसकता. आता इडी सोडूक बघता. हेका बळ दी आणि हेचा मन जाग्यार आण रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” त्यात सर्वांत मोठा आवाज माझ्या बायकोचा.

मी संतापून आबांना गाठलं. “आबानू, तुमी माजी लाज काढलात!”

“देव एकटो कितीजणांका बघतलो?” आबा म्हणाले. “गावान आयकल्यान, ता बराच झाला.”

माझ्याकडून विडी घेणं पाप समजून गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जाऊ लागली. पण तीच माणसं येऊन माझ्या बाकावर नुसती बसू लागली. एक धिप्पाड खलाशी खाली बघत पुटपुटला, “माकाय असाच झाल्ला रे.” मला वाटत होतं, जगात असा मी एकटाच! तलफेच्या वेळी, तिन्हीसांजेला, आबा स्वतः येत आणि माझ्या हातात काथ्या देऊन दोरी वळायला लावत. माझ्या दोरीने बांधलेली शेळी खुशाल फिरायला जाई. आबा म्हणत, “दोरी बघू नको. हात चलतत मा? पुरे.”

विडी सुटली, पण एका दमात नव्हे. मध्ये दोनदा माडाआड ओढलीच, आणि दोन्ही वेळा आबांनी तेही देवाला सांगितलं.

काही वर्षांनी आबा गेले. चिता पेटल्यावर विड्यांचं बंडल हातोहात फिरू लागलं. माझा हात आपोआप पुढे झाला. कुणी दटावलं नाही. शेजारच्याने बंडल मुठीत धरून ठेवलं आणि म्हणाला, “रड रे दिगू, रड.” मी भर गावात पोरासारखा रडलो, आणि त्या रात्री मला स्वस्थ झोप लागली.