आमच्या ह्यांची स्वतःची जादू

जादूगाराच्या घरात किस्से कबुतराच्या पिसांसारखे साठतात. कितीही झाडा, ट्रंकेमागं एखादा सापडतोच. ट्रिक फोडायची नाही अशी मला शपथ होती. आता खेळच राहिले नाहीत, म्हणून सांगते.

आमच्या ह्यांना एकच ध्यास होता. पुस्तकातली नाही, दुसऱ्या जादूगाराची नाही, स्वतःची अशी एक तरी ट्रिक हवी. जेवताना सुचायचं आणि घास तसाच राहायचा. एकदा त्या भरात माझी पळी गायब केली. परत कशी आणायची, ते ह्यांनाही सुचेना. वर्षभर मी वाटीनं आमटी वाढली!

*

जळकोटला नवा आयटम काढला. कुंडीत मूठभर ज्वारी पेरायची, वर रुमाल टाकायचा आणि रुमाल काढला की डुलणारं कणीस. महिनाभर प्रॅक्टिस केली. कणीस आलं, टाळी नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दाणा दातानं फोडून पाहिला नि विचारलं,

“मास्तर, पेरला पांढरा शाळू, आन् उगवली पिवळी ज्वारी कशी?”

सगळा तंबू बियाण्यावर बोलायला लागला.

*

गायब व्हायची पेटी कळंबच्या रफीकभाई सुतारांनी केली. तळाला चोरकप्पा, त्यात मी. फळी पक्की बसवा, असं ह्यांनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी मी आतून ढकलतेय, फळी हलेना. शेवटी पटाशी लावून मला बाहेर काढलं. रफीकभाई खूश!

“भाभी, आपलं काम हाय. लई मजबूत.”

पुढं फळी सैल केली, हवेला भोकं पाडली आणि मला लाकूड टोचतं म्हणून आत कापसाची गादी ठोकून दिली. भला माणूस.

*

मग ह्यांना सुचलं, मी पेटीच्या मागून निसटून, तंबूला वळसा घालून प्रेक्षकांतून यायचं. मी धावत निघाले, तर वाटेत माहेरची एक म्हातारी भेटली. सासूबाईंच्या पोटदुखीची चौकशी करू लागली. वडीलधाऱ्या बाईला तोडून कसं जायचं? सगळं सांगितलं. आत हे मंत्र म्हणत होते. मी पोचले तेव्हा निम्मे बाक रिकामे होते.

*

लोहाऱ्याला तंबूचे ठेकेदार तात्या वैतागले. “तीच पेटी, तीच बाई. उद्या दुपारी नवं दाखवा, न्हाय तर तंबू दुसऱ्याला देतो.”

हे जेवले नाहीत. काही सुचलंही नाही. दुसऱ्या दिवशी तीच पेटी. मी पहाटेपासून भाकरी, कबुतरं, धुणं करून आत शिरले. गादी मऊ होती.

ह्यांनी मला गायब केलं. मग परत आणायला टाळी वाजवली, झाकण उघडलं. मी नाही. पुन्हा टाळी. तरी नाही. स्टेजवर मी मिस रजनी, घरात नुसती ‘अगं’. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. मी आत गुदमरले असं वाटून हे पेटीपुढं गुडघ्यांवर बसले.

“शेवंता! अगं शेवंता!”

तंबूतल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, असं मागून कळलं. त्या हाकेनं मला जाग आली. केस विस्कटलेली, डोळे चोळत मी पेटीतून उठले, आणि काय टाळ्या पडल्या!

तात्या आत येऊन म्हणाले, “असं कुठंच बघितलं न्हाय, मास्तर. हेच ठेवा.”

घरी जायला एसटीची वाट बघताना हे माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले,

“उद्या झोप लागंल का तुला?”