पावशेराच्या वर

माझा धाकटा भाऊ निपाणीत स्वतःचा टेम्पो चालवायचा. हंगाम असला की तंबाखू, नसला की फरशी, पत्रे, मांडवाचं सामान, मिळेल ते. आमचं माहेर सदलग्याचं. मी लग्न होऊन बेळगावात टिळकवाडीला आले आणि शाळेत कन्नड शिकवायला लागले. त्यामुळं घरातलं सगळं सरकारी कन्नड माझ्याच वाट्याला. भावाला धरल्याचा फोनही मलाच आला.

कोल्हापूरकडून येताना सीमेवरच्या नाक्यावर त्याचा टेम्पो अडवला होता. आत औषधांची खोकी. वर सलाइनच्या बाटल्या, खाली ट्रॅमाडॉलच्या गोळ्या. बिल नाही, परवाना नाही.

ते नाव मला नवं नव्हतं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दुखण्यावर ह्याच गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणि दुकानातून आणून दिल्या होत्या ह्याच भावानं. मी वकिलांना ते सांगितलं. जणू त्यानं काही फरक पडणार होता.

वकील म्हणाले, "बाई, डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतली तर औषध. अशी खोक्यात सापडली तर अमली पदार्थ. आता सगळं वजनावर. हद्द अडीचशे ग्रॅमची. तिच्या वर गेलं की कमीत कमी दहा वर्षं."

"पण गोळीत औषध असतं कितीसं? बाकी भुकटीच ना?"

"भुकटीसकट धरतात. वरच्या कोर्टानं तसंच ठरवून दिलंय."

अडीचशे ग्रॅम म्हणजे पावशेर. चटणीला शेंगदाणे आणावेत तेवढं. भावाच्या टेम्पोत त्याच्या कितीतरी पट होतं.

जामीन झाला नाही. खटला चालला तोवर तो हिंडलग्याच्या जेलमध्येच राहिला. भावजय पोरांना घेऊन चिकोडीला बापाकडं गेली. ज्या व्यापाऱ्यानं माल भरला होता तो सापडलाच नाही. त्याचा फोनसुद्धा भलत्याच्या नावावर निघाला. भाऊ कोर्टात एकच सांगत राहिला, खोक्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. मीही तेच सगळ्यांना सांगत होते. शाळेत, शेजारी, नवऱ्याच्या घरी.

निकालाच्या आधी मी त्याला भेटायला गेले. जाळीच्या पलीकडं तो बराच वेळ आईच्या पायाचंच विचारत होता. मग एकदम म्हणाला, "आक्का, मला म्हाईत हुतं गं."

"काय माहीत होतं?"

"माल कसला हाय ते. आधीबी नेलतो की. पोरं त्या गोळ्या घ्यायला कशी उभी ऱ्हात्यात ते बघितलंय मी. डोळं अर्धं मिटल्यालं असत्यात. म्हटलं, आपण काय इकत न्हाय, आपण नुसतं भाडं मारतोय."

आजूबाजूला सगळे आपापल्या माणसाशी मोठ्यानं बोलत होते. वेळ संपली तसा तो उठला आणि म्हणाला, "आईला हिकडं आणू नगंस."

पण निकालाच्या दिवशी आई ऐकेना. काठी टेकत कोर्टात आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. मी आत. गुन्हा शाबीत झाल्यावर न्यायाधीशांनी भावाला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का. त्यानं मोडक्या कन्नडमध्ये हात जोडून सांगितलं, आई म्हातारी आहे, मी भाड्यापुरता माणूस, जरा कमी करा.

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, ह्या सगळ्यात तू सगळ्यात लहान माणूस आहेस हे मला दिसतंय. पण ह्या कलमात दहाच्या खाली शिक्षा द्यायचा अधिकार मला नाही. मग चष्मा घालून त्यांनी लेखनिकाला सांगितलं, "हत्तु वर्ष."

रोज वर्गात मी पोरांकडून हत्तुपर्यंत अंक म्हणून घेते.

बाहेर आईनं विचारलं, "किती गं?"

"दहा."

"साहेबाच्या पाया पडून बघू या का? कमी न्हाय व्हणार?"

"त्यांच्या हातात न्हाय, आई."

"मग कुणाच्या हातात हाय?"

अपिलाचं बोलायला मी वकिलांना शोधत निघून गेले.

मी आईला सदलग्याला सोडायला गेले आणि दोन दिवस तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या गल्लीतली एक बाई आली. तिचा तरणा मुलगा निपाणीत कामाला होता आणि ह्याच गोळ्यांच्या नादानं गेला होता. अंथरुणात श्वास थांबलेला सापडला. मला वाटलं, ही आता आईला टोचून बोलणार. मी दारातच उभी राहिले.

ती आईशेजारी जमिनीवर बसली. आई म्हणाली, "दहा वर्सं दिली गं माझ्या लेकाला."

"आयकलं."

मग ती सावकाश म्हणाली, "दहा वर्सांनी का हुईना, तुझा घरला यील."

आईनं मान खाली घातली. मला त्या बाईचा राग यायला हवा होता, तो आला नाही. भावाची कीव यायला हवी होती, ती मात्र आली, आणि बाईसमोर त्या कीवेची लाज वाटली. आई काठीला धरून उठली, आत गेली आणि चहा ठेवला. बाई पिऊन गेली. जाताना आईला म्हणाली, "पाय दुखतोय तर जास्त उठबस करू नगंस."

अपील धारवाडला हायकोर्टात आहे. अजून सुनावणी लागलेली नाही.